हिरवी पडलेली हुमणी

या पानावर भगिनींनी आजवर मुलांच्या शिक्षणाविषयी, सासू-सुनेविषयी, दुखण्याखुपण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. मी आज एका अळीविषयी लिहिणार आहे. अळी आणि कुटुंबाचे पान यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या घरात तो संबंध आहे. या अळीपायी माझी आई एकदा मरता मरता वाचली. म्हणजे अळीने तिला काही केले नाही, अळीच्या औषधाने केले.

आमचे माहेर सातारा जिल्ह्यात. ऊस पिकवणारा मुलूख. ज्यांच्या घरी ऊस असतो त्यांना हुमणी सांगावी लागत नाही. जे मुंबई-पुण्याला वाढले त्यांच्यासाठी सांगते. करंगळीएवढी जाड, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी. मातीतून उकरून काढली की इंग्रजी सी अक्षरासारखी अंग वळवून पडते. जमिनीखाली बसून ती मुळ्या खाते. वरून ऊस हिरवागार असतो, मग एक दिवस पिवळा दिसू लागतो, पाणी दिले तरी सुकतो, आणि धरून ओढला तर अख्खे बेट हातात येते. खाली मुळीच नसते.

माझी आई दुसऱ्यांच्या उसात रोजाने जायची. खुरपणी, भरणी, आणि पावसाळ्यात हुमणीला दाणेदार औषध टाकणे. फोरेट म्हणत त्याला. एका हाताने पदराची ओटी धरायची, दुसऱ्या हाताने त्यातले दाणे उचलून उसाच्या बुडाशी टाकत जायचे. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. त्या कामाला रोजावर चार आणे जास्त मिळायचे म्हणून बायका आपसांत भांडून ते काम घ्यायच्या.

साल १९८४, श्रावणातली गोष्ट. मी १४ वर्षांची होते. शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर गेले होते. दुपारी भाकरी खायच्या आधी आई म्हणाली, "पोरी, डोळ्याम्होरं धुकं आल्यागत व्हतंय." तिला घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, हातांचे आणि मांड्यांचे मांस आपोआप थरथरू लागले. मी ओरडत बांधावर पळाले. बैलगाडीतून तिला तालुक्याला नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितले आणि इंजेक्शनामागून इंजेक्शन दिले. तीन दिवस ती तिथे होती. त्या तीन दिवसांचा रोज मिळाला नाही आणि ज्या दिवशी पडली त्या दिवसाचा अर्धाच मिळाला, हे आई अजून सांगते. मरणाचे दुःख नाही, त्या अर्ध्या रोजाचे आहे.

पुढे लग्न होऊन मी पिंपरीला आले आणि १९९२ पासून एका इस्पितळात आया म्हणून लागले. २७ वर्षे केले ते काम. तिथे पावसाळ्यात विषबाधेचे पेशंट येत. कोणी रागाच्या भरात प्यालेले, कोणी फवारणी करताना लागलेले. तीच लाळ, तोच घाम, तीच थरथर, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. लादी पुसता पुसता मी सिस्टरांना एकदा विचारले, तेव्हा त्यांनी समजावून दिले. आपल्या नसांमधून निरोप जातो, निरोप पोचला की तो पुसून टाकणारा एक रस शरीरात असतो. ही औषधे त्या रसालाच बांधून ठेवतात. मग निरोप पुसलाच जात नाही. लाळेला निरोप गेला की लाळ सुटतच राहते, स्नायूला गेला की तो थरथरतच राहतो, आणि शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. तोच रस किड्याच्या अंगात असतो, तोच माणसाच्या. म्हणून ते औषध किड्यालाही मारते आणि माणसालाही. फरक काय तो मापाचा.

त्या दिवशी मला आईचे १९८४ चे दुखणे कळले. आणि हेही मनात आले की आपण त्याला औषध का म्हणतो? दुकानदार औषध म्हणतो, शेतकरी औषध म्हणतो, ज्याच्या हातावर पडते तो मजूरही औषधच म्हणतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात गेले, तेव्हाही बातम्यांत 'औषध फवारणी' असेच शब्द होते.

२०१९ साली आई पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले. भाऊ मुंबईला, त्याची नोकरी सुटण्यासारखी नव्हती. मी माझी नोकरी सोडली आणि मिस्टरांना घेऊन माहेरी आले. मिस्टर रिक्षा चालवायचे, त्यांना शेतीतले ओ की ठो कळत नाही, पण अंगात जोर पुष्कळ. आईच्या नावावर ३० गुंठे जमीन आहे, विहिरीत चौथा हिस्सा. त्यात खोडवा उभा होता. सप्टेंबरात तो पिवळा पडला. मिस्टरांनी एक बेट ओढून बघितले ते हातात आले आणि हे मागे धपकन पडले. खाली खणले तर एका बेटाखाली सात हुमण्या. त्या वर्षी ३० टनांच्या जागी १४ टन ऊस गेला.

मिस्टर तडक कृषी सेवा केंद्रात जाऊन दाणेदार औषधाची चौकशी करून आले. आई खाटेवर होती. ती म्हणाली, "पाव्हणं, माझ्या रानात ते औशीद न्हाई पडायचं. ऊस गेला तर जाऊ द्या." जावयापुढे ती कधी मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. पुढे सरकारनेच फोरेटवर बंदी आणली. २०१८ साली आदेश निघाला होता, आणि २०२० संपता संपता विक्री व वापर पूर्ण बंद झाला. म्हणजे आईच्या तोंडून बंदी वर्षभर आधी आली.

पण ऊस तर गेला नको होता. ३० गुंठ्यांवरच घर चालते.

आमचे कृषी सहायक गावात सभा घेतात. एरवी त्या सभेला आमच्या वस्तीतले फारसे कोणी जात नाही. ज्यांची शेती चार-पाच एकर त्यांच्यासाठीच ती, असे आपण धरून चालतो. मी गेले. त्यांनी एक डबी दाखवली. तिच्यात मेलेली हुमणी होती, पण काळी पडून सडलेली नव्हती. ताठ, कडक, खडूसारखी, आणि अंगभर हिरवी पूड. शेवाळासारखी नाही, मेथीची भाजी वाळवून कुटली तर होईल तशी हिरवी. ते म्हणाले, ही बुरशी आहे, मातीतच राहते, किड्यांना रोग आणते. मेटारायझियम तिचे नाव. पांढरी असते ती बिव्हेरिया.

बुरशी म्हटल्यावर मला आधी शिसारी आली. इस्पितळात बुरशी म्हणजे गजकर्ण, चिखल्या, म्हाताऱ्यांच्या तोंडातला पांढरा थर. घरात म्हणजे नासलेली भाकरी. मी विचारले, माणसाला नाही का होणार? ते म्हणाले, ही किड्याच्या कवचावर जगणारी, आणि माणसाच्या अंगाची ३७ अंश ऊब तिला सहसा मानवत नाही. तरी पूड हाताळताना नाकाला फडके बांधायचे, हातमोजे घालायचे, कारण कसलीही भुकटी श्वासात गेली तर ॲलर्जी होऊ शकते. हे उत्तर मला पटले. ज्याने 'काही होत नाही, बिनधास्त टाका' म्हटले असते त्याचे मी ऐकले नसते.

तिची मारण्याची रीत औषधाहून अगदी निराळी आहे. औषध पोटात किंवा नसांत जाते. हिचे बीज, म्हणजे डोळ्याला न दिसणारा कण, अळीच्या अंगाला नुसते चिकटले तरी पुरते. अळीने खायला पाहिजे असे नाही. ओल असेल तर तो कण बी रुजावे तसा अंगावरच रुजतो, त्याला कोंब येतो, कोंबाचे टोक कातडीला घट्ट दाबून बसते आणि कातडी विरघळवणारे रस सोडत आत शिरते. याला एक-दोन दिवस लागतात. मग आतल्या रक्तात ती पसरते, अळीचे खाणे मंदावते, आणि लहान अळी आठ-दहा दिवसांत मरते. मोठी हुमणी मात्र तीन-तीन आठवडे तग धरते. मेल्यावर पुन्हा ओल मिळाली की बुरशी कातडी फोडून बाहेर येते, आधी पांढरी, मग हिरवी. त्या हिरव्या पुडीत पुन्हा लाखो कण. एक मेलेली हुमणी म्हणजे पुढच्या हुमण्यांसाठी मातीत ठेवलेले विरजण.

माझा भाचा शेतीच्या शाळेत शिकतो. त्याने पुस्तकातून वाचून दाखवले ते मला फार आवडले, म्हणून थोडे सांगते. इटलीत अगोस्तिनो बासी नावाचे गृहस्थ होते. रेशमाचे किडे पांढरे पडून मरायचे आणि रेशीमवाले बुडायचे. लोक म्हणायचे हवा वाईट, कोणी म्हणायचे पाला वाईट. बासींनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३५ साली दाखवून दिले की हा रोग एका बुरशीपासून होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. सूक्ष्म जीवापासून प्राण्याला रोग होतो हे कोणी पुराव्याने दाखवायची ही अगदी सुरुवातीची वेळ, पाश्चरच्याही आधीची. त्या पांढऱ्या बुरशीच्या नावात आज बासींचेच नाव आहे. पुढे १८७९ साली ओडेसा भागात मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हिरवी बुरशी बघितली. तो भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला. त्यांना सुचले की ही बुरशी मुद्दाम वाढवून शेतात सोडावी. याच मेचनिकॉफना नंतर, १९०८ साली, माणसाचे रक्त जंतूंशी कसे लढते या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ही कल्पना १४० वर्षांहून जुनी आहे. मधल्या काळात स्वस्त विषे आली, लगेच गुण दिसू लागला, आणि बुरशी मागे पडली. ब्राझीलमध्ये मात्र १९७० नंतरच्या दशकात उसाच्या एका किडीवर तांदळावर वाढवलेली ही बुरशी वापरू लागले, ती आज तिथे लाखो हेक्टरांवर वापरतात.

हे सगळे ऐकून मी हुरळले. आणि २०२० साली आमचे हसे झाले.

फेब्रुवारीत नवी लागण केली होती. जून महिन्यात मी सहा किलो पूड आणली. एकरी आठ किलो सांगितले होते, ३० गुंठ्यांना सहा. टाळेबंदीचे दिवस, पाऊस लांबला. पिशव्या पत्र्याच्या खोपीत ठेवल्या, तिथे मे-जूनमध्ये आत हात घालवत नाही. महिना गेला. जुलैत मिस्टरांनी एक दिवस भर दुपारी, कोरड्या जमिनीवर, पूड नुसती भुरभुरवून टाकली, वरून मातीही ओढली नाही. दोनच दिवसांनी उसाच्या मूळकुजीसाठी कोणीतरी दिलेले बुरशीनाशक त्याच सऱ्यांतून सोडले. आता बघा, बुरशी आणायची आणि तिच्यामागे बुरशी मारायचे औषध सोडायचे! पण तेव्हा हे आमच्या डोक्यातच आले नाही. सप्टेंबरात हुमण्या होत्या तशाच. आमच्या बांधाला लागून ज्यांचा मोठा ऊस आहे ते हसून म्हणाले, "मावशी, पीठ टाकून किडा मरतो व्हय?" मिस्टर आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. सहा किलोचे पैसे गेले, ऊस २० टन निघाला. ज्याच्याकडे ३० गुंठेच आहेत त्याचे एक वर्ष चुकणे म्हणजे काय, हे मोठ्या शेतकऱ्याला कळत नाही.

चूक काय झाली ते कृषी सहायकांनी एका वाक्यात सांगितले: "तुम्ही तिला औषध समजलात, ती जितराब आहे." उन्हाने ती काही तासांत मरते. पत्र्याखालच्या उष्णतेने पिशवीतच मरते. कोरड्यात रुजत नाही. आणि मोठ्या झालेल्या हुमणीपेक्षा लहान हुमणीवर ती लवकर चालते, म्हणून वेळ चुकवून चालत नाही. आई खाटेवरून म्हणाली, "कोंबडीची पिल्लं कुणी पत्र्याखाली ठिवतं का?"

२०२१ ला आईनेच कारभार हाती घेतला. ती काठी धरून चालू लागली होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पूड भाच्याकरवी मागवली. पाकिटावरची तयार केल्याची तारीख आणि मुदत आधी वाचून घेतली, आणि पाकिटे माठाशेजारी, ओल्या फडक्याखाली पण पाणी आत जाणार नाही अशी ठेवली. बाजारात नुसती खडूची भुकटीही हिरव्या पाकिटात मिळते असे ऐकले होते, म्हणून आईने परीक्षा घ्यायची ठरवली. लोणच्याची एक काचेची बरणी होती. तिच्यात तिने ओलसर माती घातली, चिमूटभर पूड मिसळली, आणि मुळ्यांचे तुकडे टाकून शेजारच्या रानातून आणलेल्या तीन हुमण्या सोडल्या. झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि बरणी मोरीजवळ गार जागी ठेवली. दुसऱ्या डब्यात पूड न घालता तीन. असे दोन डबे ठेवायचे तिला कोणी शिकवले नव्हते. ती म्हणाली, "नुसत्या कोंडल्यानंबी मरत्याल की. मग पुडीनं मेल्या का कोंडल्यानं, कसं कळायचं?" चौथी शिकलेली बाई! भाचा ऐकतच राहिला.

बाराव्या दिवशी एक मेली. आईने ती काढू दिली नाही. सतराव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. मेलेल्या हुमणीच्या सांध्यासांध्यांतून पांढरी लव आली होती. आणखी चार दिवसांत ती हिरवी झाली. बिनपुडीच्या डब्यातल्या तिन्ही जिवंत वळवळत होत्या. आईने बरणी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्येबी मारणंच झालं की गं." आमच्याकडे पंचशील रोज म्हणतात, तेव्हा तिच्या मनात हे येणारच. मी काही बोलले नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "त्या औशिदानं गांडूळ मरायचं, बेडूक मरायचं, बगळं मरायचं. मीबी मेले असते. ह्यात माझा हात तरी धड ऱ्हातो." तिच्या मनाचा निवाडा तिने केला. मी तो वाढवत नाही.

मग रानात टाकायची पूड तयार केली. चांगले कुजलेले शेणखत आंब्याच्या सावलीत पसरले, त्यात पूड मिसळली, पाण्याचा हलका शिपका देऊन गोणपाटाने झाकले. रोज संध्याकाळी ओल बघायची, उलथापालथ करायची. आठ-नऊ दिवस बाळंतिणीसारखी काळजी घेतली. तोवर पाऊस लागला. ढगाळ दिवस बघून, दिवस कलल्यावर, मी, मिस्टर आणि भाऊजय तिघांनी ते खत सरीत उसाच्या बुडाशी टाकले आणि लगेच भर लावली. नाकाला फडकी, हातांत मोजे. आई बांधावर बसून "एवढं कशाला झाकून घ्येताय" म्हणत होती आणि लगेच "घ्या, घ्या, झाकून घ्या" असेही म्हणत होती.

खोटे सांगत नाही. हुमणी संपली नाही. सप्टेंबरात खणले तर बेटाखाली कुठे एक, कुठे दोन, काही ठिकाणी तीन. पण मातीत हिरवी कडक झालेलीही सापडू लागली. ऊस २४ टन गेला. आधीच्या सालापेक्षा चार टन जास्त, आणि तोही खोडवा. त्यातले बुरशीने किती आणि चांगल्या पावसाने किती, हे मला सांगता येणार नाही. मिस्टर मात्र सगळे श्रेय स्वतःच्या भर लावण्याला देतात.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. बुरशी एकटीने पुरत नाही. हुमणीचे भुंगेरे वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. तिथेच त्यांची जोडी होते आणि मादी परत जमिनीत जाऊन पन्नास-साठ अंडी घालते. आपल्या ३० गुंठ्यांत आपण काहीही केले तरी शेजारच्या रानातली मादी बांध बघून थोडीच थांबते? म्हणून २०२२ पासून आमच्या बचत गटाच्या दहा-बारा बायका पहिल्या वळवानंतर आठ-पंधरा दिवस रोज संध्याकाळी सात ते नऊ झाडे झोडपतो. खाली जुनी धोतरे, साड्या अंथरायच्या, आकडीने फांदी हलवायची, पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायचे. रॉकेल आता कुठे मिळत नाही. पोरांना यात फार मजा वाटते. बांधाशेजारचे ते मोठे शेतकरी पहिल्या वर्षी आले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी गड्याला पाठवले. तिसऱ्या वर्षी स्वतः बॅटरी घेऊन आले, पण पिठाचे बोलणे त्यांना आठवत नाही म्हणतात.

गटात आम्ही बुरशी वाढवण्याचाही प्रयत्न केला. प्रयोगशाळेतून मूळ बुरशी आणायची, तांदळाची कणी भिजवून, निथळून, न वितळणाऱ्या पिशवीत भरायची, तोंडाला कापसाचा बोळा, कुकरमध्ये वाफवायची, गार झाल्यावर स्वच्छ हातांनी विरजण लावायचे. दहा-पंधरा दिवसांत कणी हिरवी होते. पाच पिशव्यांपैकी आमच्या दोन काळ्या पडल्या, म्हणजे दुसरीच बुरशी शिरली. त्या उघडल्या नाहीत, खड्ड्यात पुरल्या. इस्पितळातली निर्जंतुकीची सवय मला इथे उपयोगी पडली, बाकीच्या बायका माझ्या हात धुवायला लावण्याला कंटाळतात. विकायची तर सरकारी नोंदणी लागते, तेव्हा आम्ही ती विकत नाही. आपापल्या रानापुरती. आणखी एक सांगायचे राहिले. पांढरी बुरशी रेशमाच्या किड्यांनाही मारते. बासींची गोष्ट तीच. तेव्हा ज्यांच्या आसपास तुतीची लागवड आहे त्यांनी तिची फवारणी विचारून करावी.

आज आईने ऐंशी गाठली आहे. बरणी अजून आहे, दर पावसाळ्यात नवी पूड आली की तिची परीक्षा त्या बरणीत होते. सुनेने त्या बरणीतले लोणचे खायला कायमचा नकार दिला आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या उसात टोळीच्या बायका दाणे टाकायला आल्या होत्या. फोरेट आता नाही, दुसरे काहीतरी होते, पिशवीवरचे बारीक अक्षर मला वाचता आले नाही. त्यांतली एक विशीतली पोर पाणी मागायला आमच्या दाराशी आली. ओचा खोचलेला, हात पांढरट झालेले. मी तांब्या भरून पुढे केला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि खाली ठेवला. "आदी हात," ती म्हणाली, आणि साबणाची वडी घेऊन मोरीपाशी गेली. त्या पोरीचे हात कोपरापर्यंत तिने स्वतः धुतले, दोन वेळा, नखांतूनसुद्धा, ओचा झटकायला लावला, आणि मग पाणी दिले. पोर लाजून हसत होती. पाणी पिऊन झाल्यावर आईने फळीवरची बरणी काढून तिच्यापुढे धरली.

पोरीने वाकून आत बघितले. "ही हिरवी कशानं झाली, आज्जी?"

आई पायरीवर बसली, तिला शेजारी बसवले आणि सांगू लागली. मुकादमाच्या दोन हाका आल्या तरी पोर उठली नाही. तिसऱ्या हाकेला उठली. जाताना म्हणाली, "आमच्या भावाच्या रानातबी लई हाय हुमणी. त्येला घिऊन येत्ये रविवारी."